बापावर गेलेली मुले

मराठीत न बोलणाऱ्या मुलासाठी शब्दांचा तुटवडा नाही. घुमा, बुजरा, एकलकोंडा, मुखदुर्बळ, माणूसघाणा. यातला कुठलाही शब्द उच्चारला की पाठोपाठ निकाल येतो, ‘बापावर गेलाय.’ नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) इतिहास शिकवताना पालकसभांतून हा निकाल मी असंख्य वेळा ऐकला. तो ऐकून आईबाप जरा सैलावतात, कारण पोराचा दोष उरत नाही. पण पोरासाठी काही करायचेही मग उरत नाही, आणि ते मूल मागच्या बाकावर तसेच बसून राहते.

या निकालात तथ्य किती, हे शोधताना मला जीवशास्त्राआधी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उपयोगी पडली. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा मोठा भाग आमच्या नगरात घडतो. सुरुवात मात्र नाशिकजवळच्या जलालपुरात, लक्ष्मीबाईंच्या माहेरी, गोखल्यांच्या घरात होते. त्यांचे वडील नाना यांचे सोवळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. बाजारातून आलेले धान्य धुतल्याशिवाय घरात यायचे नाही. शिवाशिवीच्या धाकाने घर गावापासून तुटलेले. अशा घरातल्या मुलाला शेजारच्या पोरांत मिसळणे सोपे नसते.

इतिहासाच्या माणसाला थांबवणारी गोष्ट अशी की लक्ष्मीबाई वडिलांच्या या वागण्याला तारीख देतात. १८५७ च्या बंडात नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली. तो धक्का त्यांच्या मनाने घेतला आणि सोवळे वाढत गेले. रक्ताचा, घराण्याचा उल्लेख नाही. कारण बाहेरचे, इतिहासातले. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. सत्तावन्न सालच्या फाशी कितीतरी कुटुंबांनी सोसल्या. ती सगळी माणसे काही जन्मभर धान्य धूत बसली नाहीत. नानांच्या स्वभावात आधीपासून काहीतरी असले पाहिजे, ज्याला त्या धक्क्याने वाट करून दिली. आणि ते ‘काहीतरी’ मुलांत उतरले असेल, तर ते रक्तातून उतरले की त्या बंद घरातून? एकट्या गोखल्यांच्या घराकडे बघून हे कधीच कळणार नाही, कारण रक्त देणारा आणि घर बंद करणारा माणूस एकच आहे.

टिळकांकडेही तेच. नारायण वामन टिळकांचे वडील तापट. आई गेल्यावर नारायण लहान वयातच घर सोडून नाशिकला गेले, आणि मोठेपणी स्वतः तापटच निघाले. बापाचा राग त्यांना वारशाने मिळाला की तो सोसता सोसता अंगवळणी पडला?

ही गाठ सोडवायची युक्ती फ्रान्सिस गाल्टनने १८७५ मध्ये सुचवली : जुळी मुले बघा. पुढे ती पक्की झाली. एकबीज जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ सारखा, द्विबीज जुळ्यांचा सख्ख्या भावंडांइतका. घर मात्र दोन्हींकडे एकच. एकबीज जुळी अबोलपणात एकमेकांशी जास्त जुळत असतील, तर तो फरक वारशाच्या खात्यावर मांडता येतो. नेदरलँड्समध्ये सुमारे १५ हजार कुटुंबांतल्या जुळ्यांकडे ३ ते १२ वर्षे वयापर्यंत असे पाहिले गेले, आणि मुलामुलांतल्या अलिप्तपणाच्या फरकाचा साधारण निम्मा, काही वयांत त्याहूनही जास्त भाग आनुवंशिक निघाला. म्हणजे पालकसभेतला निकाल अगदीच हवेतला नव्हता.

पण हा आकडा मुलांच्या समूहातल्या फरकांचा आहे. अमुक एका मुलाचा निम्मा अबोलपणा बापाकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही; तसे मोजताच येत नाही. अबोलपणाचा म्हणून एखादा जनुक सापडलेला नाही. असतात ते असंख्य, आणि एकेकाचा वाटा किरकोळ. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास ठेवले. सुमारे पाचातले एक बाळ फार बिथरे. अशा बाळांपैकी पुष्कळ पुढे बुजरी झाली, पण पुष्कळ झालीही नाहीत.

घर एक आणि रक्त वेगळे, अशी उलटी मांडणी बघायची तर नगरला यावे लागते. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, १९०० मध्ये लक्ष्मीबाई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगरच्या अमेरिकन मराठी मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. टिळकांच्या घरातही पोटच्या दत्तूभोवती बिननात्याची मुले वाढली. दुष्काळातून आलेले मूल गप्प असेल तर ‘कोणावर गेलाय’ हे विचारायला कोणी उरलेलेच नव्हते. त्याला जेवू घालायचे, शाळेत बसवायचे आणि वाट बघायची. अशी वाट बघणे ‘बापावर गेलाय’ म्हटल्यावर आपण का सोडतो, हे मला कळलेले नाही. वारसा आहे म्हणून उपाय नाही, असे जीवशास्त्राने कुठेच म्हटलेले नाही. चष्मा लागणे पुष्कळसे आनुवंशिकच असते, पण चष्मा आपण घेऊन देतोच.

शिवाय प्रत्येक गप्प मुलाला उपाय हवाच असतो असेही नाही. एकाला बोलायचे असते पण भीती वाटते. दुसऱ्याला एकटे असणे आवडते. तिसऱ्याला बाकीच्यांनीच बाजूला टाकलेले असते. आपले शब्द या तिघांना एकाच दावणीला बांधतात. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनापासूनचे बालकवी, टिळकांच्या घरी नगरला येऊन राहिले आणि मुलासारखे वावरले. निसर्गात एकटा रमणारा कवी हे आपण उभे केलेले त्यांचे चित्र. पण टिळकांच्या भरल्या घरातही त्यांना जागा होती.

आणि लक्ष्मीबाई? त्याच नानांची मुलगी. त्याच धुतलेल्या धान्यावर वाढलेली, अकराव्या वर्षी लग्न होऊन घराबाहेर पडलेली. पुढे तिने कीर्तने केली, प्लेगच्या दिवसांत नगरात परक्यांची शुश्रूषा केली, आणि ज्या घरात माणसे शिवायची नव्हती त्या घराबद्दल सगळ्या महाराष्ट्राला हसत हसत सांगितले.