नागिन तोफ आणि उदयभान राठोड

ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ (२०२०) चित्रपटात कोंढाण्यावर ‘नागिन’ नावाची प्रचंड तोफ येते. तिचा नेम राजगडावर. दोन गडांमध्ये सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर अंतर आहे. सतराव्या शतकातल्या तोफेचा गोळा तिथवर पोचणे शक्यच नव्हते. तरी या करामतीला माझी हरकत नाही. मनोरंजनात एवढी सूट चालते आणि तोफेमुळे कुणाचे मन कलुषित होत नाही.

हरकत आहे ती शत्रूच्या चित्रणाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला. तो तह घडवला मिर्झाराजे जयसिंहांनी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गडाचा किल्लेदार होता उदयभान राठोड. दोघेही राजपूत, मोगलांच्या चाकरीत. चित्रपट उदयभानचे नाव बदलत नाही. पण त्याला काळे कपडे चढवतो, मगर भाजून खायला लावतो. ‘पद्मावत’मधल्या खिलजीचीच ही दुसरी आवृत्ती. नाव राजपुताचे राहते, पण प्रेक्षक घरी नेतो तो ठरलेला ‘मुसलमान खलनायक’.

इकडे महाराजांच्या आरमारात दौलतखान होते. ती लढाई राज्यांची होती, धर्मांची नव्हे. हे सांगितल्याने तानाजी मालुसऱ्यांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. म्हणून मुलांना युद्धपट जरूर दाखवा. नंतर एकच गृहपाठ द्या: कोण कोणाच्या बाजूने लढले, ती नावे वहीत लिहून आणा.