दर पानामागें

अतिमानव वीरांच्या सचित्र कथा म्हणजे पोरांचा खेळ, असें समजून त्यांकडे पाठ फिरविणाऱ्या वाचकांनींहि जॅक कर्बीचें चरित्र एकवार पाहावें. कलावंत आणि मालक यांच्यांतील जुना तंटा इतक्या उघडपणें अन्यत्र क्वचितच दिसतो.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीच्या वस्तींत, कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या एका ज्यू मजुराच्या घरीं तो १९१७ सालीं जन्मला. मूळचें नांव जेकब कर्ट्झबर्ग. १९४० च्या अखेरीस त्यानें व ज्यो सायमन यानें ‘कॅप्टन अमेरिका’ हा वीर निर्माण केला, आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर त्यास हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतांना दाखविलें. अमेरिका तेव्हां युद्धांत उतरलीहि नव्हती! पुढें १९४४ सालीं कर्बी स्वतः सैनिक म्हणून फ्रान्समध्यें लढला. तेथील हिंवाळ्यांत हिमदंशानें त्याचे पाय जायबंदी झाले.

त्याचा खरा पराक्रम मात्र १९६१ नंतरचा. मार्व्हल प्रकाशनासाठीं स्टॅन ली याच्यासह त्यानें ‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘थॉर’, ‘एक्स-मेन’ अशी मालिकांची रांगच उभी केली. त्याच्या आकृति चौकटींत मावत नाहींत. उगारलेली मूठ जणूं वाचकाच्याच अंगावर येते. पण त्याहून ध्यानांत घेण्याजोगी आहे ती कामाची रीत. लीकडून कथेची नुसती रूपरेषा मिळे, तीहि कित्येकदां तोंडीच. प्रसंगांची जुळणी, पात्रांचे हावभाव, कथेची गति हें सारें कर्बी चित्रांतच ठरवी. संवाद ली मागाहून लिही. मग कथाकार कोण? या प्रश्नावर दोघांच्या चाहत्यांत अद्यापि भांडण आहे. पुष्कळ अंकांत कर्बीची गणना केवळ चित्रकारांत झाली, हें मला तरी अन्यायाचें वाटतें.

मजुरी दर पानामागें मिळे. पात्रें प्रकाशकाच्या मालकीचीं. कंटाळून तो १९७० सालीं प्रतिस्पर्धी डी. सी. प्रकाशनाकडे गेला, व तेथें ‘न्यू गॉड्स’ ही मालिका त्यानें एकट्यानें रचली. पुढें मार्व्हलनें चित्रकारांस त्यांचीं मूळ चित्रें परत देऊं केलीं, तेव्हां इतरांपुढें एका पानाचा करारनामा आला, कर्बीपुढें चार पानांचा. बराच झगडा होऊन १९८७ सालीं सुमारें २००० पानें त्याच्या हातीं पडलीं. काढलीं होतीं तीं याच्या कितीतरी पट.

१९९४ च्या फेब्रुवारींत तो वारला. वारसांनीं हक्कासाठीं दाद मागितली; खालच्या न्यायालयांत ते हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर असतांना २०१४ सालीं तडजोड झाली. तिच्या अटी जाहीर झाल्या नाहींत, पण त्यानंतरच्या अंकांत लीच्या जोडीनें कर्बीचेंहि नांव निर्माता म्हणून छापलें जाऊं लागलें.