फोडणी आणि बघार

इंग्रजी पाकपुस्तकांत आपल्या फोडणीसाठी ‘टेंपर’ हे क्रियापद योजिलेले आढळते. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळार्थ योग्य प्रमाणात मिसळणे असा आहे. पोलादास पाणी देणे हाही त्याचा एक अर्थ होय. परंतु तापलेल्या तेलात मोहरी पडताच होणारा तडतडाट त्यात ऐकू येत नाही. तो आमच्या शब्दात आहे. संस्कृत ‘स्फुट्’ धातूपासून ‘फोडणे’, आणि त्यापासून ‘फोडणी’. दाणा फुटतो, म्हणून ती फोडणी. कोंकणी घरांत हिलाच ‘फण्ण’ म्हणतात.

हैदराबादेत या कृतीचे नाव ‘बघार’. महंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली वसविलेल्या या नगरीत तेलुगू, मराठी व फारसी यांच्या शेजारात दखनी बोली वाढली. मराठीचा ‘नको’ तिने ‘नक्को’ करून घेतला आणि जोर देणारा ‘च’ही उचलला. पुढे निजामी राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे असल्याने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. १९०७ साली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी राहिली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी हा शेजार तुटला नाही. शेंगदाणे, तीळ, खोबरे व चिंच यांच्या रसातील ‘बघारे बैंगन’ आमच्या भरल्या वांग्यांचे आप्तच शोभतात. ‘बघारा खाना’ यातील ‘खाना’ म्हणजे येथील बोलीत भात.

हा शब्द दखनी मुसलमानी घरांत विशेष रुळलेला, म्हणून तो फारसी असावा असे सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. त्याचे मूळ ‘व्याघारण’ या वैदिक शब्दात आहे. यज्ञविधीत तूप शिंपडणे हा त्याचा अर्थ. दर्शपूर्णमास इष्टीतील ‘आघार’ आहुती त्याच ‘घृ’ धातूची, आणि आपले ‘घृत’ही त्याचेच. गुजराती ‘वघार’ त्याचा सख्खा भाऊ. हिंदी-उर्दूत बढाई मारण्यास ‘शेखी बघारना’ म्हणतात, तेथेही हाच शब्द.

उलट, ‘पाक’ दिसतो म्हणून संस्कृत भासणारा आमचा ‘मुदपाकखाना’ अरबी ‘मत्बख’पासून आला आहे! तेव्हा शब्दाचे सोवळेओवळे तो आज कोणत्या घरी नांदतो यावरून ठरवू नये. वेदीवरचे तूप शेजारच्या चुलीवर जपले गेले, याबद्दल आम्ही त्या शेजाऱ्याचे ऋणी असले पाहिजे.