नकलेची रुजुवात

पेण तालुक्यांतील वरसई हें लहानसें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस दोन कारणांनीं परिचित आहे. येथील विष्णुभट गोडसे हे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तर हिंदुस्थानांत गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला, आणि पुढें १८८३ च्या सुमारास ती सर्व हकीकत मोडी लिपींत लिहून काढली. दुसरें कारण असें कीं, इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३-१९२६) यांचें घराणेंहि याच गांवचें. एकानें कागद लिहिला. दुसर्‍यानें तसले कागद गांवोगांव हिंडून जमविले. आज पेण-रोह्याच्या घराघरांतून प्रिंटर व स्कॅनर एकत्र असलेलें जें यंत्र दिसतें, त्याची योग्यता कळण्यास या दोघांच्या काळापासून आरंभ करणें इष्ट आहे. कारण हें यंत्र ज्या गरजेपोटीं जन्मास आलें, ती खर्‍या नकलेची गरज फार जुनी आहे.

गोडसे यांची हकीकत चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली. छापतांना त्यांनीं मूळ भाषेंत फेरफार केले व कांहीं मजकूर गाळला. हस्तलिखित १९२२ मध्यें पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, आणि मुळाबरहुकूम आवृत्ति दत्तो वामन पोतदार यांनीं प्रसिद्ध केली ती १९६६ सालीं. म्हणजे तब्बल ५९ वर्षें महाराष्ट्रानें जें वाचलें, तें वरसईच्या भटजींचें लेखन जसेंच्या तसें नव्हतें. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे २२ खंड काढले, त्यांतहि अडचण हीच होती. माळ्यावरचें दप्तर वाळवी खात असे, तरी मालक तें हातावेगळें करण्यास नाखूष असे. अशा वेळीं दिव्याशीं बसून कागद उतरून घेणें एवढाच उपाय उरे.

कचेर्‍यांतील स्थिति निराळी नव्हती. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचें बालपण रोह्यास गेलें. त्यांचे वडील वकील होते. त्या पिढीच्या वकिलास खरेदीखताची नक्कल हवी असली, तर ती कारकुनाकडून लिहवून घेऊन मुळाशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावी लागे. या ताडून पाहण्यास दप्तरी भाषेंत रुजुवात म्हणतात. रुजुवात झाल्यावांचून नकलेस किंमत नसे.

कारकुनाचा हात मध्यें न घेतां नक्कल काढण्याचा मार्ग शोधला तो अशाच एका कंटाळलेल्या गृहस्थानें. अमेरिकेंतील चेस्टर कार्लसन हे पेटंटच्या कामांत होते व नकलांची चणचण त्यांस नित्य भासे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागांत त्यांनीं विद्युद्भार व कोरडी पूड यांच्या साह्यानें पहिली प्रतिमा उठविली. त्यावर आधारलेलें ‘झेरॉक्स ९१४’ हें यंत्र १९५९ सालीं पुढें आलें, आणि कालांतरानें झेरॉक्स हा शब्द मराठींत नक्कल या अर्थीं रूढ झाला. मधल्या काळांत, १९५७ सालीं, रसेल कर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र १७६ गुणिले १७६ बिंदूंत फोडून संगणकांत उतरविलें. स्कॅनरचा हा प्रारंभ होय.

यापुढील हकीकत विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत गॅरी स्टार्कवेदर यांनीं १९७१ सालीं लेसर किरणानें छापणारें यंत्र सिद्ध केलें. तें यंत्र मोठें व महाग. प्रत्येक मेजावर एकेक ठेवणें अशक्य. तेव्हां अनेक संगणकांस परस्परांशीं व त्या एका छपाईयंत्राशीं जोडणारी सामायिक तार हवी झाली. रॉबर्ट मेटकाफ यांनीं २२ मे १९७३ च्या टिपणांत ‘ईथरनेट’ची कल्पना मांडली ती या गरजेंतून. घरांत जोडलेल्या जाळ्यांत प्रिंटर हा उपरा पाहुणा आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः जाळ्याच्या जन्मासच प्रिंटर कारण झाला. गांवाच्या सामायिक विहिरीप्रमाणें एक साधन अनेकांनीं वापरावें, हा त्यामागचा हेतु होता.

बिनतारी जाळ्याचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें. भारत सरकारनें जानेवारी २००५ मध्यें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यांतून मोकळें केलें, आणि वाय-फाय घरांत येण्यास वाट मिळाली. या जाळ्याचें कार्य असें चालतें : राउटर प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता देतो, प्रिंटर आपलें नांव जाळ्यांत पुकारतो, संगणक किंवा मोबाईल ती पुकार ऐकून त्याची गांठ घेतो. पुकारण्याची ही रीति अ‍ॅपल कंपनीनें २००२ सालीं आपल्या संगणकांत आणली, आणि २०१० पासून तिच्याच आधारें मोबाईलवरून थेट छापणें सुरू झालें.

जोडणींतील बहुतेक अडचणींचा उलगडा यावरून होतो. पुष्कळ प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झचीच लहर ओळखतात. राउटरनें ५ गिगाहर्ट्झचेंच जाळें चालू ठेवलें असेल तर त्यांस तें दिसतच नाहीं. वीज जाऊन आल्यावर राउटरनें नवा पत्ता दिला, तर संगणक जुन्याच पत्त्यावर हांका मारीत बसतो. यास्तव राउटरमध्यें प्रिंटरचा पत्ता कायम करून ठेवावा. पाहुण्यांसाठीं काढलेल्या निराळ्या जाळ्यावर मोबाईल असला, तर त्यास घरचा प्रिंटर बहुधा सांपडत नाहीं. छपाई होते पण स्कॅन होत नाहीं, या तक्रारीचेंहि कारण आहे. एका पेटींत असलीं तरी हीं दोन कामें दोन निराळ्या करारांनीं चालतात, आणि एक जुळला म्हणून दुसरा जुळलाच असें नसतें.

या सोयीचें मोल ग्रामीण भागांस अधिक आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत सातबाराचा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळूं लागला. ज्या उतार्‍यासाठीं शेतकर्‍यास तलाठ्याची वाट पाहावी लागे, तो आतां घरच्या यंत्रावर छापतां येतो. मात्र घरांतले असले कागद ज्या जाळ्यांतून जातात, त्याचें दार उघडें टाकणें धोक्याचें आहे. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर एका अज्ञातानें जगभरांतील उघड्या प्रिंटरांवर आपला संदेश परभारें छापविला. त्याच्या सांगण्याप्रमाणें ते सुमारें ५० हजार होते. परवलीचा शब्द बदलणें व प्रिंटर बाहेरच्या इंटरनेटवर उघडा न ठेवणें, हे त्यावरील साधे उपाय होत.

आतां मूळ प्रश्न : यंत्राची नक्कल निर्दोष असते काय? ऑगस्ट २०१३ मध्यें डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानें दाखवून दिलें कीं, झेरॉक्सच्या कांहीं यंत्रांत एका घराचा नकाशा स्कॅन केला असतां खोल्यांचीं मापें बदललीं. १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटरच्या तीनहि खोल्यांवर १४.१३ हाच आंकडा उमटला! जागा वांचविण्यासाठीं यंत्र सारख्या दिसणार्‍या आकृत्या एकच समजत होतें. कंपनीनें पुढें दुरुस्ती पुरविली. परंतु अंक पुसट झाला असता तर पाहणारा सावध झाला असता. येथें तो स्वच्छ छापलेला आणि खोटा होता. १९०७ च्या संपादकानें जें हेतुपुरस्सर केलें, तें यंत्रानें नकळत केलें.

म्हणून ज्या घरांत आजोबांचें मोडी दप्तर किंवा जुनें खरेदीखत आहे, त्यांनीं तें जीर्ण कागद ओढून घेणार्‍या फटींतून कदापि घालूं नये. कांचेवर अलगद ठेवावें. बांधीव पोथी कांचेवर दाबूं नये. तिचें छायाचित्र घ्यावें. स्कॅन रंगीत करावा, म्हणजे फिकट शाई व डाग यांतील भेद राहतो. साध्या मजकुरास इंचास ३०० बिंदु पुरतात, बारीक अक्षरास ६०० घ्यावे. नंतर ती प्रतिमा पडद्यावर मोठी करून, विशेषतः आंकडे, मुळाशीं ताडून पाहावे. आणि प्रतिमा हातीं आली म्हणून मूळ कागद रद्दींत घालूं नये. वरसईची पोथी मंडळांत जपून राहिली म्हणूनच १९६६ सालीं तिचे खरे शब्द वाचकांस मिळाले.