लॉटरी लागणे

लॉटरी लागणे : (वाक्प्रचार) कष्ट किंवा हक्क नसताना अचानक मोठा लाभ होणे. समानार्थी : घबाड मिळणे, मटका लागणे.

व्याकरण : लाभ ज्याला होतो त्याचे पद ‘ला’ प्रत्ययाने येते : ‘तिला लॉटरी लागली.’ मराठीत भूक लागते, नोकरी लागते, तशीच लॉटरीही. ‘ती लॉटरी जिंकली’ ही इंग्रजी वळणाची रचना लेखनात टाळावी.

व्युत्पत्ती : ‘लॉटरी’ इंग्रजीतून. जुना मराठी शब्द ‘सोडत’. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली.

मटका : आकड्यांचा जुगार. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडते व बंद दर टेलिप्रिंटरवर मुंबईत येत आणि त्यांवर आकडा लावला जाई. १९६० नंतर हे दर येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि पुढे रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे मटका चालवला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत, नंतर पत्ते. ३, ६, ७ निघाले तर बेरीज १६, म्हणून ‘ओपन’ ६, ‘क्लोज’ही तसाच, दोन्ही मिळून ‘जोडी’. कापूस गेला, तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ ही नावे राहिली. आकडा ‘फुटणे’ म्हणजे जाहीर होणे, ‘लागणे’ म्हणजे आपला येणे. लेखनात हा भेद पाळावा. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली मटका गुन्हा आहे. गिरणी कामगार हा त्याचा मोठा गिऱ्हाईकवर्ग; १९८२ च्या संपानंतर धंदा ओसरला.

गिरणगावातील वापर : गिरण्यांच्या जमिनीवरील ६,९२५ घरांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगार व त्यांच्या वारसांची सोडत काढली. अर्जदार सुमारे दीड लाख. लालबाग-परळमध्ये अशा वेळी ‘घर लागलं’ म्हणतात, आणि तोच प्रयोग बिनचूक आहे. बातम्यांत मात्र ‘कामगारांना लॉटरी लागली’ असे छापले जाते. ते चूक आहे. सोडतीने फक्त निवड ठरली. पात्रता गिरणीतल्या नोकरीने, हजेरीपटावरच्या नावाने ठरली होती. वारसाच्या हाती आलेली किल्लीही त्या नोकरीचीच. अशा ठिकाणी ‘सोडतीत नाव निघाले’ किंवा ‘घर लागले’ असेच लिहावे.

इतर प्रदेश : सर्वत्र रूढ.

पहा : आकडा लावणे, घर लागणे, सोडत.