छत्री निजामपूर : धरणे आणि सोडणे

पेणजवळच्या रामवाडीहून महाडकडे जाणारी एस.टी. धरून आम्ही विद्यार्थ्यांसह अनेकदा रायगडावर गेलो आहोत. टकमक टोकावर पोहोचल्यावर एक आख्यायिका सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. शिवछत्रपती टोकावर उभे असता त्यांच्यावर छत्र धरणारा सेवक सोसाट्याच्या वाऱ्याने कड्याबाहेर उडाला. त्याने छत्रीची मूठ सोडली नाही आणि तो पायथ्याच्या निजामपुरात सुखरूप उतरला. म्हणून त्या गावाचे नाव छत्री निजामपूर. मागच्या सहलीत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो खरंच वाचला असेल का?" 'दंतकथा आहे' एवढे म्हणून आम्ही पुढे चालू लागलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण आळशी होते. प्रस्तुत टिपण म्हणजे त्या आळसाची भरपाई होय.

प्रथम हिशेब पाहू. छत्रीचा व्यास दोन मीटर व माणसाचे वजन साठ किलो धरले, तर स्थिर हवेत उतरण्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास येतो. हे चौथ्या मजल्यावरून पडण्यासारखेच झाले. कड्याला धडकून वर चढणारा वारा हा वेग काहीसा कमी करू शकेल. तेवढ्यावर कथा सिद्ध होत नाही. मात्र ती एकाकीही नाही. 1687 मध्ये सयामला गेलेल्या ला लुबेर या फ्रेंच वकिलाने आपल्या ग्रंथात दोन छत्र्या घेऊन उंचावरून उडी मारणाऱ्या एका कसरतपटूची हकीकत नोंदवली. तिच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या लनोर्मां या फ्रेंच गृहस्थाने आधी छत्र्या घेऊन झाडावरून, आणि 1783 च्या डिसेंबरात मोंपेलिए येथील वेधशाळेच्या मनोऱ्यावरून उडी घेतली. 'पॅराशूट' हा शब्दही त्याचाच. म्हणजे कड्यावरून छत्रीने उतरण्याची कल्पना विमानाहून कितीतरी जुनी आहे.

या सर्वांच्या छत्र्या उडीपूर्वीच उघडलेल्या होत्या, किंवा निदान ताणून बसवलेल्या होत्या. छत्री घडी करून पाठीवर बांधता येऊ लागली, तेव्हा एक नवाच प्रश्न उभा राहिला : ती पिशवी बंद कशाने ठेवायची? विमानातून उडी घेणाऱ्याला हा प्रश्न तितकासा छळत नाही, कारण त्याच्यापाशी उंची असते आणि दुसरी, राखीव छत्रीही असते. इमारत, मनोरा, पूल किंवा कडा यांवरून मारल्या जाणाऱ्या उडीची, म्हणजे 'बेस' उडीची, गोष्ट वेगळी. कार्ल बेनिशच्या सोबत्यांनी 1978 साली अमेरिकेतील एल कॅपिटन या कड्यावरून उड्या घेतल्या, आणि या प्रकाराला आधुनिक रूप आले. येथे छत्री सहसा एकच असते. दुसरी उघडायला वेळच नसतो.

उडी घेणारा हाताने एक लहान छत्री वाऱ्यात फेकतो. ती फुगून पट्टा ओढते, पिशवी उघडते आणि मोठी छत्री बाहेर येते. आता आकडे पाहा. पहिल्या सेकंदात माणूस सुमारे पाच मीटर पडतो, दोन सेकंदांत वीस, तीन सेकंदांत चव्वेचाळीस. वेग दुप्पट झाला की लहान छत्रीची ओढ चौपट होते. म्हणून जितकी उंची कमी आणि छत्री जितकी लवकर टाकावी लागेल, तितकी ती ओढ दुबळी. त्या दुबळ्या ओढीनेही पिशवी हमखास उघडली पाहिजे.

यासाठी दोन उपाय पुढे आले. एक वेल्क्रो. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला 1941 साली कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून ही कल्पना सुचली. आपल्याकडे आघाड्याची तुरे धोतराला चिकटतात, तसाच हा प्रकार. वेल्क्रो कडेपासून सोलत नेला तर थोड्या ओढीत सुटतो. सरळ, पट्टीच्या दिशेने ओढला तर घट्ट धरून राहतो. म्हणून कमी उंचीच्या, झटपट उड्यांसाठी तो पसंत केला गेला. परंतु धूळ, माती आणि वापर यांनी तो झिजतो. झिजलेल्या वेल्क्रोची पिशवी कड्यावर चढताना किंवा लांब पडतीत वेळेआधीच उघडू शकते.

दुसरा उपाय पिनेचा. दोरीच्या फासातून वाकडी पिन ओवायची आणि पट्टा ओढला की ती सरकून निघते. लांब पडतीसाठी ही रीत अधिक भरवशाची. तिचे सारे मर्म फासाच्या ताणात आहे. तो सैल असेल तर पिन अवेळी निसटते. फार घट्ट असेल तर पहिल्या सेकंदाच्या दुबळ्या ओढीला दाद देत नाही. फास जपून बसवला तर पिन कमी उंचीवरही चालते, आणि म्हणूनच पुढे ती सर्वत्र रूढ झाली. दोन्ही साधनांना दोन परस्परविरोधी गुण हवे असतात : धरून ठेवणे आणि सोडून देणे. यांपैकी कोणता गुण कमी पडला तर अधिक घात होईल, हे उंची ठरवते.

आता पुन्हा टकमक टोक. परंपरेने ही कडेलोटाची जागा मानली जाते. जेथून माणसे ढकलली जात, तेथूनच एक जण वाचला असे लोककथा सांगते, आणि त्याच्या वाचण्याचे कारण ती एकाच गुणात पाहते : त्याने धरलेले सोडले नाही. सेवकाच्या निष्ठेची ती गोष्ट आहे. मात्र त्या सेवकाचे नाव गावाच्या नावात आले नाही; छत्रीचे आले. बेस उडी घेणाऱ्याची कसोटी नेमकी उलट : हातातली लहान छत्री त्याने योग्य क्षणी सोडलीच पाहिजे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता हे सांगू : तो वाचला की नाही ते छत्रीच्या हिशेबाने ठरत नाही, पण त्याची मूठ सैल झाली नसावी, असे ज्यांना वाटले, त्यांनी ही कथा जपली. पुढच्या सहलीत टोकावर वारा असेल, तेव्हा आधी सर्वांना कड्यापासून मागे घेऊ आणि मगच ती सांगू.