स्वयंचालित मोटारगाडी आणि वेगमर्यादा

मनुष्याच्या हातापायांचा आधार न घेता, कॅमेरे, रडार, लेसर-किरणांनी अंतर मोजणारे लायडर आणि संगणक यांच्या साहाय्याने स्वतःच स्टिअरिंग वळविणाऱ्या, गती वाढविणाऱ्या व ब्रेक लावणाऱ्या मोटारगाडीला, ती ज्या रस्त्यावरून जात असेल त्या रस्त्याची कायदेशीर वेगमर्यादा ओळखून आपला वेग ठरवावा लागतो. ही ओळख कशी पटते, वेगाचा निर्णय कोणत्या विचाराने होतो आणि तो निर्णय चुकल्यास जाब कोणाला विचारावा, हे प्रस्तुत नोंदीचे विषय होत.

वेगासंबंधीचे कायदे मोटारीच्या जन्माइतकेच किंबहुना तिच्याहूनही जुने आहेत. ब्रिटनमध्ये 1865 च्या कायद्याने रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या यंत्रगाड्यांना गावाबाहेर ताशी 4 मैल व वस्तीत ताशी 2 मैल एवढीच मुभा होती, आणि पुढे लाल निशाण घेतलेला एक इसम चालविण्याची सक्ती होती. तेव्हापासून आजतागायत बहुतेक देशांचे कायदे वाहन हाकणाऱ्याला दोन वेगवेगळ्या आज्ञा एकाच वेळी देत आले आहेत : पाटीवर लिहिलेला आकडा ओलांडू नकोस ही पहिली, आणि हवा, उजेड, रहदारी, रस्त्याची रुंदी व पृष्ठभाग ध्यानात घेऊन विवेकाला पटेल तेवढ्याच वेगाने जा ही दुसरी. कॅलिफोर्निया राज्याच्या वाहनसंहितेत ही दुसरी आज्ञा ‘मूलभूत वेगनियम’ म्हणून स्वतंत्र कलमात ग्रथित केलेली आहे. आणि 1968 च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय रस्ते-वाहतूक करारातही तिचा समावेश आहे. पहिली आज्ञा यंत्राला शिकविणे तुलनेने सुकर आहे. दुसरी शिकविणे हीच स्वयंचालित मोटारीच्या शास्त्रातील खरी कसोटी होय, आणि या विषयावरील बरीचशी लोकचर्चा केवळ पहिलीभोवती घोटाळत राहिल्यामुळे तिचा मर्मभाग झाकोळला गेला आहे.

मर्यादा ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे आगाऊ तयार केलेला सूक्ष्म नकाशा. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को आदी शहरांत चालकाविना प्रवासी वाहतूक करणारी वेमो ही कंपनी, एखाद्या विभागात सेवा सुरू करण्यापूर्वी तेथील रस्त्यांची मोजणी करून, प्रत्येक मार्गिकेची कड, प्रत्येक सिग्नल व प्रत्येक तुकड्याची वेगमर्यादा आपल्या दप्तरी नोंदवून ठेवते. पण नकाशा कितीही तंतोतंत असला तरी तो कालचा असतो. रस्ता दुरुस्तीसाठी आज सकाळी उभी केलेली तात्पुरती पाटी त्याला ठाऊक नसते. म्हणून दुसरे साधन कॅमेऱ्याचे. तांबड्या कड्यातील आकडा असो, की अमेरिकेतील उभ्या पांढऱ्या चौकोनातील, तो चित्रावरून ओळखण्याची विद्या आता पुष्कळ प्रगत झाली आहे. तथापि तिच्याही ठेचा ठरलेल्या आहेत. महामार्गातून फुटणाऱ्या उतरणीची पाटी मुख्य मार्गाची समजली जाणे, युरोपात मालमोटारीच्या पाठीवर तिच्या स्वतःच्या मर्यादेचा जो आकडा चिकटविलेला असतो तो रस्त्याचा मानला जाणे, आणि एलईडी दिव्यांच्या पाट्या डोळ्याला स्थिर दिसत असल्या तरी प्रत्यक्षात अतिवेगाने उघडझाप करीत असल्यामुळे कॅमेऱ्याने टिपलेल्या क्षणी अर्धाच अंक उजळलेला असणे, ही त्यांतील काही उदाहरणे. 2020 साली मॅकाफी या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ताशी 35 मैलांच्या पाटीवरील 3 या अंकाची मधली रेघ काळ्या चिकटपट्टीच्या तुकड्याने किंचित लांबविली, तेव्हा 2016 च्या घडणीच्या टेस्ला मोटारींतील कॅमेऱ्याने तो आकडा 85 असा वाचला आणि गाडी त्या वेगाकडे धावू लागली. मनुष्याला अशी चूक होणे अवघड, कारण वस्तीतल्या रस्त्यावर 85 ची मर्यादा असू शकत नाही हे त्याचा अनुभव त्याला सांगतो. यंत्रात हा अनुभव नकाशाशी पडताळा घेण्याच्या रूपाने मुद्दाम घालावा लागतो, आणि दोन साधनांचे मत जुळेना तर सावध पक्ष घ्यावा लागतो.

याहूनही गहन प्रश्न न लिहिलेल्या मर्यादांचा आहे. इंग्लंडमध्ये ज्या रस्त्यावर 183 मीटरांपेक्षा (म्हणजे 200 यार्डांपेक्षा) कमी अंतरावर दिव्यांचे खांब आहेत, तेथे अन्यथा पाटी नसेल तर ताशी 30 मैलांची मर्यादा आपोआप लागू होते. पाटी नसून मर्यादा आहे, आणि तिची साक्ष दिव्याचे खांब देतात! वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून अशा बहुतेक रस्त्यांवर हीच मर्यादा 20 मैलांवर आली. म्हणजे त्याच खांबांचा अर्थ सीमा ओलांडताच बदलतो. जर्मनीत वेगाच्या आकड्याखाली ‘ओल असताना’ अशी पुरवणी पाटी असते, आणि तेथील न्यायालयांच्या मते ओल म्हणजे सबंध रस्त्यावर पाण्याचा पातळ थर पसरलेला असणे. कोठेतरी चार डबकी साचलेली असणे नव्हे. कॅलिफोर्नियात शाळेजवळ मुले असताना ताशी 25 मैल असा नियम आहे. पोरांची शाळेत येण्याजाण्याची वेळ कोणती, कुंपणाआड दिसणारी मुले त्या नियमात बसतात की नाही, हे कॅमेऱ्यातील चित्रावरून ठरविणे म्हणजे केवळ वाचन राहत नाही. तो कायद्याचा अर्थ लावणे होय. अशा ठिकाणी शाळेच्या संपूर्ण दिवसभर मुले आहेत असेच धरून चालणे, हे धोरण शहाणपणाचे व यंत्रालाही सुलभ आहे.

मर्यादा निश्चित झाली की ती वेगाचे छत ठरते, लक्ष्य नव्हे. संगणक दर क्षणी अनेक वेग काढून त्यांतील सर्वांत लहान स्वीकारतो. समजा, मर्यादा ताशी 60 किलोमीटरची आहे. पण पुढील वळणाची त्रिज्या 50 मीटर असेल, आणि प्रवाशाला बाजूला फेकल्यासारखे वाटू नये म्हणून आडवे त्वरण सेकंदवर्गास 2 मीटरपुरते ठेवायचे असेल, तर तेथे वेग ताशी 36 किलोमीटरच निघतो. उभ्या मालमोटारीमुळे पलीकडचा रस्ता दिसत नसेल, तर तिच्याआडून कोणी अकस्मात धावत येईल हे गृहीत धरून, दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग घेतला जातो. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावल्यास ताशी 30 किलोमीटरला गाडी सुमारे 5 मीटरांत थांबते, 60 ला सुमारे 20 मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. मनुष्याला ब्रेकवर पाय नेण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही. मर्यादा बदलते त्या जागीही यंत्राचे वर्तन पाहण्यासारखे असते : कमी आकड्याचा अंमल पाटीपाशीच सुरू होत असल्यामुळे, ताशी 100 वरून 60 वर सौम्यपणे उतरण्यासाठी त्याला पाटीच्या सुमारे 165 मीटर अलीकडे वेग कमी करू लागावे लागते, आणि आकडा वाढतो तेथे मात्र पाटी ओलांडल्याशिवाय ते वेग वाढवीत नाही. मनुष्य बहुधा दोन्हीकडे उलट वागतो. येथे वेगदर्शकाचाही उल्लेख अवश्य आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मोटारीतील काट्याने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये असे बंधन असल्याने उत्पादक तो थोडा जास्तच दाखवितात. परिणामी काट्यावर 100 पाहणारा चालक वस्तुतः त्याहून मंद जात असतो, तर चाकांची गती व उपग्रहांचे संकेत यांवरून स्वतःचा वेग अचूक जाणणारे यंत्र खरोखरीच्या 100 ने जाऊ शकते.

फार मंद जाण्याने निर्माण होणारी अडचण 2015 च्या नोव्हेंबरात प्रत्यक्ष दिसून आली. माउंटन व्ह्यू या कॅलिफोर्नियातील गावी ताशी 35 मैलांच्या रस्त्यावर गूगलची एक लहान प्रायोगिक गाडी 24 मैलांनी जात असून तिच्यामागे वाहनांची रांग लागली आहे हे पाहून पोलिसाने ती थांबविली. दंड मात्र झाला नाही, कारण त्या गाडीचा कमाल वेगच सावधगिरीखातर 25 मैलांवर रोखलेला होता व त्या वर्गाच्या गाड्यांना 35 मैलांपर्यंतच्या रस्त्यांवर येण्यास कायद्याने मुभा होती. उलट, त्याआधीच्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनी असे जाहीर केले होते की, सभोवारची रहदारी मर्यादेबाहेर धावत असेल तर मंद राहणे अधिक धोक्याचे, सबब आपल्या गाड्यांना मर्यादेवर ताशी 10 मैलांपर्यंत जाण्याची सवलत दिलेली आहे. ब्रिटनमध्ये कायदेसुधारणा आयोगाने 2018 मध्ये हाच प्रश्न लोकांपुढे मांडला : तेथील पोलीस मर्यादेच्या 10 टक्के अधिक 2 मैल इतक्या उल्लंघनाकडे सामान्यतः काणाडोळा करतात, तेव्हा ती सूट यंत्रालाही असावी काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नसावी. पोलिसाची ढिलाई ही मापनातील चूक व मनुष्याचे क्षणिक अनवधान यांच्यासाठी असते. अचूक मोजणाऱ्या आणि कधीही अनवधान न होणाऱ्या यंत्राच्या आज्ञावलीत ती आधीच लिहून ठेवणे म्हणजे उल्लंघनाचा ठराव करणे होय. रहदारीच्या ओघाशी जुळण्याचा युक्तिवाद खरा आहे. पण त्यावरचा उपाय उजव्या-डाव्या मार्गिकेची योग्य निवड आणि आकडाच चुकीचा असेल तर तो आकडा बदलणे हा आहे.

मात्र आकड्याच्या आत राहिल्याने मूलभूत नियम पाळला गेला असे होत नाही, याचा सर्वांत दुःखद पुरावा ॲरिझोनातील टेंपी येथे 18 मार्च 2018 च्या रात्री मिळाला. उबर कंपनीची चाचणीगाडी ताशी 45 मैलांच्या रस्त्यावर सुमारे 43 मैलांनी जात होती. म्हणजे पाटीच्या दृष्टीने निर्दोष. सायकल ढकलीत रस्ता ओलांडणारी स्त्री तिच्या संवेदकांना आघाताच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती, परंतु ती गाडी, अन्य वस्तू की सायकल हे आज्ञावलीला ठरविता आले नाही, आणि या अनिश्चिततेत वेग मात्र कमी झाला नाही. ती स्त्री मरण पावली. समोर काय आहे हे कळत नसेल तर आधी मंद व्हावे, ही गोष्ट गाडी हाकणाऱ्या कोणाही सुज्ञ माणसाला सांगावी लागत नाही. त्या यंत्राला ती कोणी सांगितली नव्हती.

चालक बसलेला असून गाडी साहाय्यक यंत्रणेवर चालते, अशा प्रकारात मर्यादा पाळण्याचा भार कायद्याने माणसावरच राहतो. टेस्लाची ‘पूर्ण स्वयंचालन’ म्हणविणारी यंत्रणा याच वर्गातील. तिच्या प्रायोगिक आवृत्तीत बदललेल्या वेगमर्यादेची पुरेशी दखल घेतली जात नाही, हे एक कारण धरून फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या दबावाखाली 3,62,758 गाड्यांच्या आज्ञावलीची दुरुस्ती जाहीर झाली. युरोपीय संघात तर 7 जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी व्यवस्था सक्तीची आहे. चालकाकडून जबाबदारी तात्पुरती काढून घेणाऱ्या यंत्रणांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या 157 क्रमांकाच्या नियमाने प्रथम ताशी 60 किलोमीटर व 2023 पासून 130 किलोमीटरपर्यंत परवानगी दिली. जर्मनीतील महामार्गांच्या बऱ्याच भागावर सक्तीची मर्यादा नाही, केवळ 130 ची शिफारस आहे. तेथे मनुष्य वाटेल तितका धावेल, पण यंत्राने 130 च्या आतच राहावे, असा हा भेद आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन ब्रूनो येथे चालकाविना गाडीने बेकायदा वळण घेताना पोलिसांनी तिला थांबविले, पण दंडाची पावती लिहिण्यास आसनावर कोणी इसमच नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅलिफोर्नियाने 2024 मध्येच केलेल्या कायद्यानुसार, 1 जुलै 2026 पासून उत्पादकाच्या नावे उल्लंघनाची नोटीस काढण्याची तरतूद आहे. ब्रिटनच्या 2024 च्या कायद्याने गाडी स्वतः चालत असतानाच्या वाहनचालनविषयक गुन्ह्यांतून आत बसलेल्या व्यक्तीस मुक्त केले असून, दक्ष व कुशल मानवी चालकाहून यंत्राची सुरक्षितता उणी असू नये असे प्रमाण घालून दिले आहे.

भारतात 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेने मोटारीसाठी द्रुतगती मार्गावर ताशी 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 व नगरपालिका हद्दीत 70 किलोमीटर या कमाल मर्यादा ठरविल्या. मालवाहू गाड्यांना त्या त्याहून कमी आहेत आणि स्थानिक अधिकाऱ्यांना त्या आणखी उतरविता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला 100 असून बोरघाटात ती बरीच कमी होते, सबब येथे यंत्राला रस्त्याबरोबर स्वतःचा वर्गही ओळखावा लागेल. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन चालकविरहित मोटारींना वारंवार विरोध दर्शविला आहे, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील वेगाच्या गुन्ह्याचे कलम अजूनही वाहन हाकणाऱ्या व हाकविणाऱ्या माणसालाच उद्देशून आहे.